जहाज बघतोय, पण आपल्या पद्धतीने

प्रिय पक्या,

तू विचारलंस "कसंय जहाज" आणि मी नुसता अंगठा पाठवला म्हणून चिडला असशील, पण अरे व्हॉट्सॲपवर दोन ओळीत सांगायचं प्रकरण नाहीये हे. आज अख्खा दिवस समुद्रातच आहे, सेंट थॉमस बेट यायला अजून वेळ आहे, प्राची स्पामधे आणि पोरगी घसरगुंड्यांवर, सो आता नीट बसून लिहितो.

ऑर्लँडोहून गाडीने निघालो आणि मायामीच्या मॅकार्थर कॉजवेवर आलो ना, तिथून बंदर रस्त्याला लागूनच आहे, तर ही आमची क्रूझ, आयकॉन ऑफ द सीज, सरळ डोळ्यासमोर येते. पहिल्यांदा जहाज असं वाटतच नाही, वाटतं कोणीतरी पाण्यात टॉवरांची रांग उभी केलीय आणि वर रंगीत पाइप गुंडाळलेत. खरं सांगू का, मला आवडलं नाही. म्हटलं हा तरंगता मॉल आहे, सात रात्री आपण मॉलमधे काढणार. प्राचीला बोललो पण तसं, तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आकडे आधी सांगून टाकतो कारण तू विचारणारच. लांबी ३६५ मीटर, वीस डेक, दोघांप्रमाणे धरलं तर ५६१० पॅसेंजर आणि ठासून भरलं तर ७६००, वर स्टाफ २३५०. ग्रॉस टनेज २,४८,६६३. लगेच "एवढं वजन?" म्हणू नकोस, हे टनेज म्हणजे आतल्या जागेचं माप असतं, वजनाशी त्याचा संबंध नाही. टायटॅनिक तेव्हाच्या अशाच मापाने ४६,३२८ होती, म्हणजे पाच टायटॅनिक बसवून वर जागा उरते. फिनलंडमधे तुर्कूला मायर कंपनीच्या जहाजबांधणी यार्डात बांधलं, नोव्हेंबर २०२३ ला रॉयल कॅरिबियन कंपनीच्या ताब्यात आलं, जानेवारी २०२४ ला मायामीत मेस्सीच्या हस्ते नाव ठेवलं (मेस्सी! पोरगीला ते सांगितल्यावर तिचा जहाजाबद्दलचा आदर एकदम वाढला) आणि २७ जानेवारीला पहिली ट्रिप.

आता हे सगळं वीस डेकचं प्रकरण पाण्याखाली किती आहे माहितीये? साधारण नऊ मीटर. बस. मी आत शिरल्या शिरल्या डोक्यात हेच चालू, की हे उलटत कसं नाही. आणि मग मला आपली फ्लुइड मेकॅनिक्सची लॅब आठवली. सांगलीला, सेकंड इयरला, तो पत्र्याचा पंटून टाकीत सोडायचा, वरचं वजन इकडून तिकडे सरकवायचं, लंबकाचा कोन मोजायचा आणि मेटासेंट्रिक हाइट (म्हणजे कललेलं जहाज किती जोरात सरळ होतं त्याचं माप) काढायची, तेव्हा कोणाला वाटलं होतं का की हे कधी कामाला येईल? सगळ्या बॅचने एकाच वहीतून रीडिंग उतरवलं होतं. तर तोच पंटून आहे हा, पक्या, फक्त ३६५ मीटरचा. पाण्याच्या रेषेला रुंदी सुमारे ४८ मीटर, इंजिनं टाक्या वगैरे जड माल सगळा तळाला, आणि वर जाल तसं जिथे जमेल तिथे हलकं करत जायचं. गंमत म्हणजे स्थिरता फार जास्त झाली तरी चालत नाही, कारण मग जहाज कललं की झटक्यात सरळ होतं आणि लोकांना उलट्या होतात, म्हणून ती बेताचीच ठेवतात आणि शिवाय पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखे बाहेर काढून डुलणं कमी करतात. काल संध्याकाळी बऱ्यापैकी वारा होता, तरी चहा कपात जागचा हलला नाही. प्राची दोन गोळ्या घेऊन तयार होती, वाया गेल्या.

एकदा हे डोक्यात बसलं ना की मग सगळं जहाज वेगळंच दिसायला लागतं. लोक बघतात पोहायचे पूल, मी बघतोय वर ठेवलेलं वजन. सात पूल आहेत, आणि मला सुरुवातीला प्रश्न पडला की एवढ्या मोठ्या जहाजावर एकच मोठा झकास पूल का नाही केला. मग लक्षात आलं. परातीत पाणी घेऊन चाललास की ते एका बाजूला जातं आणि अजूनच हात वाकवतं, तसंच आहे, मोकळं पाणी जेवढं रुंद तेवढा धोका. म्हणून पूल छोटे छोटे, तुकड्या तुकड्यात, खालच्या टाक्यांनाही आतून लांबीच्या दिशेने उभ्या भिंती, आणि हवा फारच बिघडली तर पूल रिकामे करून टाकतात. हे मी पोरगीला समजावून सांगत होतो तर ती म्हणाली बाबा तुम्ही पाण्यात उतरणार आहात का नाही.

सगळ्यात धाडस केलंय ते पुढच्या टोकाला. तिथे वर ॲक्वाडोम म्हणून काच आणि स्टीलचा घुमट आहे, ३६३ टनांचा, जमिनीवर जोडून क्रेनने अख्खाच्या अख्खा उचलून बसवला. आत धबधबा, पाण्याचं थिएटर, रात्री पोरं उंचावरून उड्या मारतात. यांच्याच आधीच्या मोठ्या जहाजांवर हे पाण्याचं थिएटर मागच्या बाजूला खाली होतं, इथे उचलून डोक्यावर आणलंय. म्हणजे काच, स्टील, पाणी आणि माणसं, चारही गोष्टी जिथे नको तिथे! डिझाइन ऑफिसमधे ज्याने हे पहिल्यांदा मांडलं असेल त्याला स्टेबिलिटीवाल्यांनी काय शिव्या घातल्या असतील. पण दुपारी तिथे जाऊन बस, समोर काचेतून नुसता निळा समुद्र, मला तरी अख्ख्या जहाजात ही जागा पहिल्या नंबरची वाटली, रात्रीच्या शोपेक्षाही.

दुसरी चीज म्हणजे पर्ल. रॉयल प्रोमनाड म्हणजे यांचा मेन बाजार, दुकानं बार पिझ्झा वगैरे, तिथे मधोमध एक अवाढव्य गोळा आहे, आतून हजारो हलत्या टाइल्स, रंग बदलतात, त्यातून जिना चढून वरच्या मजल्यावर जायचं. सगळे तिथे सेल्फी काढत असतात, मी पण काढला, पण खरी गोष्ट अशी की तो गोळा शोभेचा नाहीये, वरचा लोड घेतोय तो. त्याच्या वरच्या डेकवर सेंट्रल पार्क आहे, उघड्या आभाळाखाली खरी झाडं, खरी माती, म्हणजे ओल्या मातीचं वजन काय असतं ते तुला सांगायला नको, तुझ्या पोडियम गार्डनच्या स्लॅबने तुला किती रडवलं होतं. लोड गोळ्याने घेतला म्हणून बाजू मोकळ्या झाल्या आणि बाजारातून समुद्र दिसायला लागला. पूर्वीच्या जहाजांवर हा बाजार पूर्ण बंदिस्त असायचा. कॉलमला असं नटवून उभं करायची आयडिया आपल्याकडे एकाही आर्किटेक्टला सुचणार नाही, तो बिचारा ग्रॅनाइट लावून मोकळा होतो.

मॉल म्हणालो होतो ना, ते शब्द मागे घेत नाही हां पूर्ण. संध्याकाळी त्या बाजारात आवाज, गर्दी, प्रत्येक बारमधून वेगळं म्युझिक, डोकं उठतं. आणि वर क्राउन्स एज म्हणून एक प्रकार आहे, दोराला बांधून जहाजाच्या कडेबाहेर, समुद्रापासून १५४ फूट उंचावर लोंबकळवतात आणि त्याचे पैसे घेतात. मी गेलो नाही. प्राची गेली.

काल पैसे भरून पडद्यामागची टूर केली, किचन, लाँड्री, ब्रिज (जिथून कॅप्टन जहाज चालवतो), इंजिनचा कंट्रोल रूम. ती घे बाबा कधी आलास तर, बाकी काही नाही केलंस तरी चालेल. खाली स्टाफचा एक सरळ लांबच लांब रस्ता आहे, त्याला हे लोक आय-९५ म्हणतात, अमेरिकेतल्या हायवेवरून, फोर्कलिफ्ट काय, कपड्यांच्या ट्रॉल्या काय, पळापळ चालू. आणि बघ, तिथे गेल्या गेल्या ओळखीचे चेहरे. किचनमधे एक सासष्टीचा गोवेकर भेटला, मराठी-कोकणी मिसळून बोललो, त्याचा काका पण बोटीवरच होता म्हणे. आमच्या टूरवाल्या बाईला वाटलं आम्ही नातेवाईक आहोत. जाताना हळूच म्हणाला, भात पाहिजे असेल तर रात्री सांगा. सांगितलं, आणि वरण पण आलं.

इंजिनं सहा, ड्युअल फ्यूएल म्हणजे दोन प्रकारच्या इंधनावर चालणारी, मुख्यतः एलएनजीवर (द्रवरूप नैसर्गिक वायू) चालतात. धूर काळा नाही, काजळी नाही, ते खरंच. पण न जळलेला थोडा मिथेन निसटतोच आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी वाईट, त्यावरून पर्यावरणवाले तुटून पडलेत आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. पाणी मात्र समुद्राचंच, आरओ करून, कंपनी सांगते की ९३ टक्के गोडं पाणी जहाजावरच बनतं. आपल्याकडे सोसायटीला टँकर लागतो आणि इथे खाऱ्या समुद्राच्या मधोमध सात हजार लोक दिवसातून दोनदा अंघोळ करतायत. टॉयलेट व्हॅक्यूमचं, फ्लश केलं की फाट्कन आवाज येतो, पहिल्या रात्री मी दचकलो.

आगीची तयारी बघून मात्र मान डोलावली. खोल्यांच्या लांब पॅसेजमधे ठराविक अंतरावर फायर डोअर, कारण नियमच आहे की जहाजाचे उभे कप्पे पाडायचे आणि एक कप्पा जास्तीत जास्त ४८ मीटरचा, एकात आग लागली तर दुसऱ्यात जाऊ नये. दारं मॅग्नेटने उघडी धरलेली, अलार्म झाला की आपोआप मिटणार. आणि कोणी त्यांना विटा किंवा कुंड्या लावून ठेवलेल्या नाहीत, हे विशेष. सेफ्टी ड्रिल निघायच्या आधीच, व्हिडिओ फोनवर बघायचा आणि आपल्या जागेवर जाऊन हजेरी लावायची. कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडाली २०१२ ला, ३२ लोक गेले, नवीन चढलेल्या काही लोकांचं ड्रिल झालंच नव्हतं तेव्हा, त्यानंतर हा नियम कडक झाला. लोक कंटाळून करत होते, मी मन लावून केलं.

आणि आता तुझ्या कामाचं. या खोल्या जहाजावर बांधतच नाहीत! यार्डाच्या जवळ पीक्किओला फॅक्टरी आहे, तिथे खोली बाथरूम टाइल्स वायरिंगसकट तयार होते आणि मग बाजूने आत सरकवून पाइप जोडतात, झालं. २८०५ खोल्या आहेत अशा. मी आमच्या खोलीचा पॅसेजमधला छोटा दरवाजा उघडा दिसला (प्लंबर आत काम करत होता) तर डोकं घालून बघितलं, व्हर्टिकल डक्ट, सगळे पाइप रंग लावलेले, नावं टाकलेली, हात घालायला जागा. प्लंबर घाबरला थोडा. मागून प्राची म्हणाली, तू क्रूझवर आलायस की साइट व्हिजिटला.

तर तुझ्या ठाण्याच्या टॉवरमधे ते बाथरूम पॉड (असेच फॅक्टरीतून तयार आलेले बाथरूम) घालायचं चाललं होतं त्याचं काय झालं? बिल्डर तयार झाला का अजून दर फुटामागे भांडतोय? लीकेजला हात कुठून घालणार हे त्याने विचारलं तर मी पाठवतोय ते फोटो दाखव. चाळीसेक आहेत, सगळे डक्टचे आणि दोन-तीन आमचे, प्राचीला मेसेज करशील तेव्हा हा हिशेब सांगू नकोस.

वहिनींना नमस्कार, आर्याला पास झाल्याबद्दल शाबासकी सांग.

तुझा,
सुऱ्या