भुऱ्यासाठी धावून आलेल्या सगळ्यांचे आभार
नागपूरचा मे, पारा 45 कडे, आणि आमच्या भुऱ्या सशाने सकाळपासून काहीच खाल्लं नाही, लेंड्याही बंद, जीव नुसता टांगणीला लागला होता. सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात ज्या काकांनी रांगेतला आपला नंबर आम्हाला दिला, ज्या डॉक्टर ताईंनी शांतपणे समजावलं की ससा 10-12 तास खात नसेल तर इमर्जन्सीच समजा, आतडं मंदावतं, उद्यावर ढकलायचं नाही, आणि ज्या ऑटोवाल्या दादांनी डोक्याचा दुपट्टा ओला करून बास्केटवर टाकला (एवढ्या उन्हात!), नावं माहीत नाहीत हो तुमची. आता गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्याजवळ असते, सुकं गवत भरपूर, गाजर क्वचित. काल त्याने स्वतःहून कोथिंबीर खाल्ली. मनापासून थँक्यू तुम्हा सगळ्यांना!