तेरड्याच्या बिया पाठवते आहे

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. अंगणातल्या ज्या कोपऱ्यात ओल हटत नाही आणि ऊन दिवसभर असतं, तिथे काय लावू, असं तू विचारलंस. तेरडा लाव. दुहेरी पाकळ्यांचा, नर्सरीत मिळतो तो नव्हे. पावसाळ्यात डोंगरउतारावर आपोआप उगवतो, तो साधा गुलाबी. दुहेरी फुलांत पाकळ्यांचीच इतकी गर्दी असते की मधमाशीला आत वाट सापडत नाही. रानातल्या फुलाला मागे बारीक वळलेली शेपटी असते, तिच्या टोकाशी मध.

पुडीत गेल्या वर्षीच्या बिया आहेत. पहिले दोन-तीन पाऊस पडून माती भिजली की वर नुसत्या पसर आणि चिमूटभर माती भुरभुर. खोल पुरू नकोस. चार पानं आली की मधली रोपं उपटून वीतभर अंतर ठेव. हे करताना जीव होत नाही, पण दाटीत खोड बारीक राहतं आणि वाऱ्याने आडवं होतं. दीड-दोन महिन्यांत फुलं येतील.

ओल हवी म्हणजे पाणी साचलेलं चालतं असं नाही. खोड जवळजवळ पाण्याचंच, पारदर्शक. बुंध्याशी डबकं राहिलं की कुजतं. कोपऱ्याला थोडा उतार दे. उघडीप पडली की मात्र दुपारी पानं माना टाकतील. लगेच पाणी ओतू नकोस, आधी माती चाचपून बघ. ओलसर असेल तर संध्याकाळी झाड आपोआप सावरतं. मुळं वरवरची असल्यामुळे कोरड त्याला फार लवकर जाणवते, एवढंच.

'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण मला कधीच पटली नाही. एक फूल गळतं खरं, पण वरच्या पेरावर दुसरं तयार असतं. आणि त्या थोड्या दिवसांत फूल केवढं काम करतं बघ: आधी परागकोशांची टोपी स्त्रीकेसरावर बसलेली असते, ती गळून पडली की मग स्त्रीकेसर उघडा होतो. म्हणजे फूल आधी नर, नंतर मादी. सकाळी जवळ जाऊन पाहिलंस तर दोन्ही अवस्थांतली फुलं एकाच झाडावर दिसतील.

पानं कुरतडलेली दिसली आणि शेपटावर काटा असलेली जाड अळी सापडली, तर राहू दे तिला. ती पतंगाची असते.

एक चूक माझ्या हातून झाली होती. पाऊस सरल्यावर झाडं पिवळी पडली, तशी मी वाफा स्वच्छ करून टाकला. बोंडं अजून हिरवी होती. पुढच्या पावसाळ्यात तिथे एकही रोप आलं नाही. तेव्हा झाडं मरू देत, उपटू नकोस. बोंड पिकलं की त्याच्या पाच फाका ताणलेल्या असतात. बोट लागताच त्या आत वळतात आणि बिया उडतात. तेरड्याच्या वंशाचं लॅटिन नावच 'इम्पेशन्स', म्हणजे अधीर. बिया जमवायच्या असतील तर बोंड आधी मुठीत झाकून घे, मग दाब. थोड्याच घे, बाकीच्या मातीत पडू देत.

तू चार वर्षांची असताना एकेक बोंड फोडत अख्खा वाफा पालथा घातला होतास, आणि प्रत्येक वेळी दचकून हसायचीस. पहिली बोंडं फुगली की कळव. मी येते, तोवर दोन-चार माझ्यासाठी राखून ठेव.

तुझी,
आई