धौलीच्या पायथ्याशी रिक्षा थांबवणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,

नमस्कार. भुवनेश्वरहून निघाल्यावर तुम्ही आमची रिक्षा थेट वर शांतिस्तूपाशी नेली नाही, आधी टेकडीच्या पायथ्याला अशोकाच्या शिळेशी थांबवली. त्याबद्दल हे आभार. तुम्हाला मराठी येत नाही, म्हणून हिंदी करून तुमच्या मुलाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवतेच आहे. इथं मराठीत लिहिते ते आमच्या लोकांसाठी. आमच्याकडून जगन्नाथपुरीला जाणारे पुष्कळ, आणि वाटेत धौली उरकणारेही पुष्कळ. पांढरा स्तूप, फोटो, शहाळं, की चालले पुरीला. आमचाही बेत तोच होता.

"पहले पत्थर, बाद में मंदिर," एवढंच तुम्ही म्हणालात. मला वाटलं, आईचे गुडघे बघून तिला थोडी उसंत देताय. तेही असेल. पण नंतर तुम्ही सीटखालून ते पिवळं पडलेलं ओडिया पुस्तक काढलंत. तुमचे वडील तिथंच नारळ विकायचे, शिळा बघायला येणाऱ्या अभ्यासकांचं बोलणं ऐकत तुम्ही वाढलात, हे कळलं तेव्हा कुठे सगळा उलगडा झाला.

खडकातून पुढचं निम्मं अंग बाहेर काढलेला तो हत्ती आणि त्याच्याखाली ब्राह्मीतल्या ओळी. आम्हाला त्यातलं अक्षर लागत नव्हतं. इथं अशोकाचा पश्चात्ताप कोरलाय, हे मी बाबांना मोठ्या आत्मविश्वासाने सांगायला लागले, तेव्हा तुम्ही हसून मान हलवलीत. कलिंगाच्या लढाईत लाखभर माणसं मेली, दीड लाख हलवली गेली आणि राजाला दुःख झालं, हे सांगणारा, अशोकाच्या चौदा शिलालेखांतला तेरावा लेख गिरनारला आहे, काल्सीला आहे, शाहबाजगढीला आहे. कलिंगात, म्हणजे इथल्या मुलखात, नाही. धौलीला नाही आणि जौगडलाही नाही. अकरावा, बारावा, तेरावा गाळून त्यांच्या जागी इथं दोन वेगळे लेख कोरले. का, असं मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "जिनके लोग मरे, उनको गिनती क्या सुनाना." बाबांचं मत जरा वेगळं आहे. त्यांच्या मते ते शुद्ध राजकारण. मला दोन्ही पटतं.

आमचे बाबा तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, हे तुम्हाला आधी ठाऊक नव्हतं. पण तुम्ही तो पहिला वेगळा लेख एकेक वाक्य हिंदीत सांगायला लागलात, आणि बाबा जाळीला हात धरून उभेच राहिले. तोसली या इथल्या जुन्या नगरीच्या नगरव्यवहारक महामात्रांना, म्हणजे शहराचा न्यायनिवाडा बघणाऱ्या अधिकाऱ्यांना, राजाची आज्ञा: सगळी माणसं माझी लेकरं आहेत. इथवर आम्ही शाळेत शिकलो होतो. पुढचं कुणी शिकवलं नव्हतं. विनाकारण कुणाला कैद होऊ नये, कुणाचा छळ होऊ नये. अधिकाऱ्याच्या हातून न्याय का सुटतो, त्याची कारणं मग ओळीनं येतात: मत्सर, राग, निष्ठुरपणा, घाई, सरावाचा अभाव, आळस, थकवा. हा लेख तिष्य, म्हणजे पुष्य, नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवायचा, मध्येही वाचायचा, ऐकणारा एकटा असला तरी वाचायचा. शिवाय दर पाच वर्षांनी तपासणीला माणूस पाठवीन, आणि तो कठोर स्वभावाचा नसेल.

"अरे, हे तर परिपत्रक आहे!" बाबा म्हणाले. पस्तीसेक वर्षं टेबलावर परिपत्रकं झेललेला माणूस तो. राग आणि आळस कुणीही लिहील, पण थकवा लिहायला कचेरी आतून माहीत असावी लागते, असं ते तेव्हापासून येईल त्याला ऐकवतात. बाबा एरवी देवळात गेले तरी बाहेर चपला राखत बसतात. त्यांना असं बोलतं केलंत, याचे आभार आईनं वेगळे सांगितलेत.

दया नदीचं पाणी लाल झालं, ही गोष्टही तुम्ही सांगितलीत. पण लगेच म्हणालात, हे लोक सांगतात, अशोकाच्या लेखात नदीचं नाव नाही. गिऱ्हाइकाला आवडेल तेवढंच सांगून मोकळं होणं सोपं होतं.

मग वर गेलो. १९७२ मध्ये बांधलेला तो स्तूप, पायऱ्यांवरचे सिंह, माथ्यावरच्या पाच छत्र्या. सुंदरच आहे. पण खालचं ऐकून आल्यामुळे अशोक तलवार खाली ठेवतो त्या शिल्पापुढे आम्ही जरा जास्त वेळ थांबलो. तलवार ठेवल्यावर राज्य कसं चालवायचं, ते पायथ्याशी लिहिलेलं आहे ना! जपानी भिक्खूंच्या ज्या संघानं तो उभारला, त्याचे निचिदात्सु फुजी गुरुजी १९३३ मध्ये गांधीजींना भेटायला आमच्या वर्ध्याला आले होते, आणि 'ना मु म्यो हो रेन गे क्यो' हा त्यांचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत गेला, हे आईनं तुम्हाला सांगितलं. आमच्याकडे गीताई मंदिराजवळ तसाच स्तूप आहे म्हटल्यावर तुम्ही तिला चहा पाजलात, पैसेही देऊ दिले नाहीत. वर्ध्याला या. तो चहा आमच्याकडे बाकी आहे.

आता कामाचं. बाबांना जौगडची शिळा बघायची आहे. गंजाम जिल्ह्यात, म्हणजे लांब. रिक्षाचं काम नाही. तुमच्या ओळखीत कुणाची गाडी असेल तर कळवा, थंडीत येऊ. तुम्हीही सोबत चला, पुस्तक घेऊन. फक्त भाडं आधी ठरवायचं, थांबण्याच्या पैशांसकट. त्या दिवशी ते तुम्ही घेतले नाहीत, आणि आई अजून त्यावरून मला बोलते.

आपली,
वर्ध्याची एक प्रवासी