आधी औषध सुटतंय का ते बघ

प्रिय नंदू,

तुझं पत्र वाचलं, क्ले मिनरल्समधून (चिकणमातीतल्या खनिजांतून) औषध द्यायच्या कामाला लागलायस, फार बरं वाटलं! पण पत्रभर तू लोडिंगबद्दलच, म्हणजे क्लेवर किती औषध बसतं याबद्दलच लिहिलंयस म्हणून लगेच लिहायला बसलो.

मूळ अडचण आठव. कार्बामॅझेपिन (फिट्सवरचं), ग्रिसिओफुल्विन (बुरशीवरचं) यांसारख्या औषधांना आतड्यातून रक्तात जायला त्रास नाही, ती आधी विरघळतच नाहीत, कारण स्फटिकातून रेणू सुटता सुटत नाही. मॉन्टमोरिलोनाइट या क्लेचे थर जेमतेम १ नॅनोमीटर जाड, पत्त्यांच्या कॅटासारखे एकावर एक, आणि सगळे सुटे केले तर एका ग्रॅमला ७०० चौरस मीटरच्या वर पृष्ठभाग मिळतो. एवढ्यावर औषध पसरलं की त्याला परत स्फटिक करून बसायला जागा मिळत नाही, म्हणून ते पटकन विरघळतं. माझ्या मते खरा फायदा हाच.

आता धोका. थरांवर कायमचा ऋणभार असतो, मधे सोडियम-कॅल्शियमचे धनभारित आयन असतात, औषध धनभारित असेल तर ते त्यांना हुसकावून तिथे बसतं आणि मग हलायचं नावच घेत नाही. जुलाबावर स्मेक्टाइट (मॉन्टमोरिलोनाइटच्याच गटातली क्ले) देतात तेव्हा बाकीची औषधं काही तासांच्या अंतराने घ्यायला सांगतात ना, ते यासाठीच, क्ले ती पण धरून ठेवते! म्हणजे लोडिंग भरपूर आलं तरी रुग्णाला त्यातलं किती मिळेल हा प्रश्न उरतोच. आयबुप्रोफेनसारखं आम्लधर्मी औषध असेल तर हॅलोयसाइट ही नळीच्या आकाराची क्ले बघ, तिच्या नळीची आतली बाजू धनभारित आणि बाहेरची ऋण.

आणि प्लीज, रिलीज, म्हणजे क्लेतून औषध किती सुटतं ते, नुसत्या पाण्यात बघू नकोस. औषध बाहेर काढतात ते क्षारांतले आयन, शुद्ध पाण्यात ते नसतातच, त्यामुळे तिथला आकडा फसवतो. आधी जठरासारखं आम्ल, मग आतड्याचा पीएच, असं कर. डीएससीत (सँपल तापवून स्फटिक वितळतात का ते बघायच्या चाचणीत) वितळण्याचं शिखर गेलं म्हणून लगेच खूष होऊ नकोस, तेच सँपल दमट हवेत ठेवून काही महिन्यांनी पुन्हा एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची चाचणी) कर, स्फटिक परत आलेत का ते कळेल. क्ले नैसर्गिक असेल तर शिसं आणि आर्सेनिक तपासायला विसरू नकोस, हे पोटात जाणार आहे.

औषध कुठलं घेतलंयस ते लिहिलंच नाहीस बघ. त्याचा पीकेए (किती पीएचला ते भारित होतं तो आकडा) आणि रिलीजचे ग्राफ दोन्ही पाठव, मग थर की नळी ते बोलू.

तुझा,
विजू