आजीच्या तंबोऱ्याबद्दल

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर सांगवेना, म्हणून लिहितेय. आजीच्या तंबोऱ्याचं मी शिल्प केलंय. पूर्ण झालंय. बाबा, सगळं वाचा, मगच बोला.

आधी विचारलं नाही, कारण तुम्ही "कर" म्हणाला असतात आणि रात्रभर जागला असतात. 2019च्या पुरात गावभागातल्या घरात त्याचे काय हाल झाले, ते तुम्हीच पाहिलेत. मिरजेला सतारमेकर गल्लीत मी स्वतः नेला होता. दांडी किडीनं खाल्लेली, भोपळ्याला तडा. दांडी, भोपळा, तबली सगळं नवं घातलं तर वाजेल म्हणाले. मग आजीच्या नुसत्या खुंट्याच उरल्या असत्या ना, बाबा?

मोडतोड अजिबात केलेली नाही. अरमान नावाच्या शिल्पकारानं 1962 मध्ये पियानो फोडून त्याचे तुकडे फळीवर बसवले होते. माझा हात तसा उठलाच नसता. माझ्या डोळ्यांपुढे होता तो पॅरिसला पाहिलेला जोसेफ बॉइस या जर्मन कलाकाराचा पियानो, 1966चा. जाड राखाडी फेल्टच्या खोळीत शिवलेला, वर तांबडा क्रॉस. वाजत नाही, पण सूर आत जपून ठेवलेत असं वाटतं.

आपल्या भोपळ्याचा तडा मी बुजवला नाही. त्यातून चारही तारा, तीन पोलादी आणि खर्जाची पितळेची, थेट छतापर्यंत नेल्यात. दांडीवर आजीचं डोकं टेकायचं तिथला तेलकट, काळपट डाग तसाच आहे. पॉलिशवाल्याला तिथे हात लावू दिला नाही.

आई, दुपारी मी भोपळ्याला कान लावून झोपायचे आणि तू उचलून आत न्यायचीस. काम करताना ती गुणगुण गालाला जाणवत होती गं.

प्रदर्शन महिनाभर आहे, एसटीनं धावत येऊ नका, मी गाडी पाठवते. तिथे लिफ्ट आहे, पाठीची खुर्ची सांगून ठेवलीय, बाथरूम शेजारीच आहे. आई, गुडघ्याचा पट्टा आण. बाबा, बीपीची गोळी चुकवायची नाही आणि माळ्यावर तंबोऱ्याची गवसणी शोधायला चढायचं नाही, ती माझ्याकडेच आहे. अण्णाकाकांना मी आल्यावर सांगेन, तुम्ही काही बोलू नका.

आणि बघून आवडलं नाही तर तसं सांगा. तारा उतरवून तो मी घरी आणून देईन.

तुमची,
मनू