पुडक्याची गाठ सोडू नका: वेल्सच्या सांस्कृतिक मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक मंत्री,
वेल्श सरकार, कार्डिफ

सविनय नमस्कार.

आपल्याकडच्या एका दर्यावर्दी घराण्याचे कागद लिलावात निघाले आहेत. पिढ्यानपिढ्या कुणी आरमारात, कुणी व्यापारी जहाजावर कप्तान, असं हे घर. विक्रीसाठी त्यांची वाटणी केली आहे: रोजनिशा एका गठ्ठ्यात, पत्रं दुसऱ्या, नकाशे तिसऱ्या, आणि पाकिटं तिकिटं जमवणाऱ्यांसाठी वेगळी. कागद एकत्र राहतील, असा आपल्याकडून शब्द मिळाला होता. आता आपल्या कार्यालयाचं उत्तर आलं आहे की सगळ्याचं स्कॅनिंग झालंय, तेव्हा मूळ कागद कुठेही गेले तरी अभ्यासाचं काही बिघडत नाही.

बिघडतं. कसं, ते ऐका.

वेल्समध्ये आडनावं मोजकी: जोन्स, डेव्हिस, इव्हान्स, विल्यम्स. एकाच बंदरात एकाच वेळी अनेक कॅप्टन जॉन जोन्स, म्हणून गाव त्यांना घराच्या नाहीतर जहाजाच्या नावाने ओळखायचं. पत्राखाली सही नुसती ‘जॉन’. हा जॉन कुठला, हे पत्र सांगत नाही, पुडकं सांगतं. पत्राच्या वर कुठल्या जहाजाचा हिशेब होता आणि खाली कुणाची पावती, यावरून माणूस ओळखायचा. ब्रिटिश जहाजाची मालकी ६४ हिश्श्यांत वाटलेली. काही हिस्से कप्तानाचे, बाकीचे दुकानदाराचे, पाळकाचे, एखाद्या विधवेचे. फेरी संपली की मालभाड्यातून खलाशांचा पगार, बंदराची देणी, शिडा-दोरांचा खर्च वजा व्हायचा आणि उरेल ते ६४ने भागायचं. वाट्याला कमी का आलं, याचं उत्तर तिसऱ्याच कागदात असतं: वादळात डोलकाठी मोडली म्हणून नोटरीपुढे केलेल्या जबाबात. तो जबाब एका गिऱ्हाइकाकडे आणि हिशेब दुसऱ्याकडे गेला, की दोन्ही मुके.

आरमारी रोजनिशांचं आणखी वेगळं. १८०५पर्यंत ब्रिटिश आरमाराचा दिवस दुपारी बाराला सुरू व्हायचा, आणि तारीख पडायची पुढची. वेल्सच्या पेम्ब्रोकशर परगण्याचे कप्तान थॉमस फोली ‘गोलायथ’ ही युद्धनौका घेऊन नाईलच्या लढाईत आघाडीला शिरले ती १ ऑगस्ट १७९८ची संध्याकाळ. जहाजाच्या नोंदीत मात्र ती २ ऑगस्टला सापडते. त्याच दिवसाच्या घरच्या पत्रावर पंचांगाची तारीख. दोन्ही शेजारी असतील तर फरक लगेच ध्यानात येतो, वेगळे पडले की सूचीत एका दिवसाची चूक कायमची बसते.

आता स्कॅनिंग. १८४०पूर्वी टपालखर्च कागदांच्या संख्येवर आणि अंतरावर ठरायचा, म्हणून पान आडवं लिहून संपलं की तेच पान फिरवून त्यावर उभं लिहायचे. खालची ओळ कुठली, वरची कुठली, हे तिरप्या उजेडात शाईच्या कडेवरून कळतं. सपाट स्कॅनमध्ये नुसती जाळी दिसते. तारीख नसलेला कागद उजेडासमोर धरला की पाणचिन्ह दिसतं. १७९४ नंतरच्या ब्रिटिश कागदात त्यात बरेचदा साल असतं, म्हणजे पत्र त्याआधीचं नाही एवढं तरी ठरतं. कोरी पानं ‘रिकामी’ म्हणून स्कॅनच होत नाहीत, आणि पाणचिन्ह नेमकं कोऱ्या पानावर स्वच्छ दिसतं! लोहयुक्त शाई कागद खाते, दमट हवेत जास्तच. खोकी एखाद्या ओलसर माळ्यावर गेली तर अक्षरांच्या जागी भोकं पडतील.

हे सगळं आपल्या अधिकाऱ्यांना ठाऊक नाही? ठाऊक आहे. पण दरवर्षी मोजली जाते ती स्कॅन केलेल्या चित्रांची संख्या, शाबूत राहिलेली पुडकी कुणी मोजत नाही. लँग्रॅनोग या किनाऱ्यावरच्या गावी खलाशांना नौकानयन शिकवणाऱ्या क्रॅनोग्वेनबाईंचा पुतळा २०२३मध्ये उभा राहिला, आनंदच झाला. त्यांच्यासारख्यांकडे शिकलेल्या पोरांच्या गणिताच्या वह्या मात्र अशाच लिलावांत सुट्या विकल्या जातात. २०२४-२५च्या अर्थसंकल्पात आपल्या सरकारने राष्ट्रीय ग्रंथालय आणि राष्ट्रीय संग्रहालयाच्या अनुदानाला १०.५ टक्के कात्री लावली. संग्रहालयात किमान ९० नोकऱ्या गेल्या. पुडकं सोडण्याआधी त्याचा फोटो घेणारा, गंजलेली टाचणी अलगद काढणारा, मऊ पेन्सिलने क्रमांक घालणारा माणूसच राहिला नाही, तर स्कॅनर काय करणार?

आणि हे पहिल्यांदा होत नाही. १८६३ ते १९१३ या काळातल्या ब्रिटिश जहाजांच्या खलाशी-याद्या सरकारने अशाच वाटून टाकल्या. दहा टक्के नमुना राष्ट्रीय अभिलेखागारात, पाचने संपणारी सालं ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात, थोड्या जिल्ह्या-जिल्ह्यांत, आणि सुमारे ७० टक्के थेट कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या विद्यापीठात. आज पोर्थमडोग या वेल्श बंदरातल्या एका खलाशाचं आयुष्य जुळवायला अटलांटिक ओलांडावा लागतो. ते सरकारी कागद होते तरी ही गत. खाजगी कागदांना तर कायद्याचा आडोसाही नाही.

हे मराठीत का, असं आपण विचाराल. एप्रिल १७५५मध्ये आंग्र्यांच्या सुवर्णदुर्गावर तोफा डागणारे कमोडोर विल्यम जेम्स आपल्या पेम्ब्रोकशरचे. त्यांच्या पत्नीने लंडनमध्ये त्यांच्या स्मरणार्थ बांधलेला बुरूज आजही ‘सेव्हर्नड्रूग’ म्हणजे सुवर्णदुर्ग हेच नाव सांगतो. आमच्या किनाऱ्याचा इतिहास तुमच्या माळ्यांवरच्या पेट्यांतही आहे. त्या फुटल्या तर आमचंही नुकसान आहे.

लिलावाआधी घराण्याशी बोला आणि संग्रह अखंड विकत घ्या. वारसा कराच्या बदल्यात असे कागद स्वीकारण्याची सोय आहे, ती त्यांना समजावून सांगा. ते नाहीच जमलं तर निदान हातोडा पडण्याआधी एक जाणकार माणूस पाठवा. कुठला कागद कुठल्या पुडक्यात, कुणाच्या वर, कुणाच्या खाली, एवढं त्याला लिहून घेऊ द्या. त्याला पेन्सिल, वही आणि थोडे दिवस लागतील. लिलावाची तारीख आपल्या कार्यालयाला कळवलेली आहे.

कळावे,
जुन्या नाविक कागदपत्रांवर काम करणारे काही जण