कानाला दहा वाजलेले कळत नाहीत

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की वाचकांच्या पत्रांत एकच भांडण रंगते. स्पीकर रात्री दहाला बंद झाला पाहिजे, की बारापर्यंत सूट मिळाली पाहिजे? दोन्हीकडची पत्रे मी वाचते. मला कोणत्याही बाजूला बसवता येणार नाही, कारण नऊ वर्षे पुण्यातल्या एका पथकात मी ताशा वाजवला आहे आणि २०२२च्या विसर्जनापासून माझ्या कानात रात्रंदिवस शिटी वाजते आहे.

शिटी म्हणजे कसली, असे सगळे विचारतात. दूरदर्शनचे कार्यक्रम संपले की पडद्यावर रंगीत पट्टे यायचे आणि सलग ‘कूंऽऽ’ सुरू व्हायचे, आठवते? ते आणखी बारीक करा आणि डाव्या कानात बसवा. बंद करायला बटण नाही. डॉक्टर त्याला टिनिटस म्हणतात, मराठीत कर्णनाद. नाद हा शब्द त्याच्या मानाने फारच गोड आहे, पण असो.

कोरोनानंतरची ती पहिली मोकळी मिरवणूक. दोन वर्षांचे साचलेले सगळ्यांनीच वाजवून काढले. घरी आले तेव्हा कानांना दडे बसले होते. त्यात नवे काही नव्हते. मिरवणुकीनंतर दडे बसायचेच. बसले नाहीत तर तू वाजवलेस काय, अशी आमच्यात थट्टा चाले. एरवी दुसऱ्या दिवशी झोपून उठले की कान मोकळे. त्या वर्षी दडे गेले आणि शिटी राहिली. पहिल्या डॉक्टरांनी सर्दी म्हणून थेंब दिले. मावशीने लसूण घालून तेल कोमट केले. (कानात तेल घालू नका, हे नंतर कळले.) दोन महिने असेच गेले.

मग श्रवणचाचणी झाली. काचेच्या बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, हातात बटण देतात. बारीकसा आवाज आला की दाबायचे. मी दाबत राहिले. बाहेर बसलेली मुलगी दार उघडून म्हणाली, “मॅडम, मी अजून आवाज सोडलाच नाहीये.” यंत्राची शिटी कुठली आणि माझी कुठली, मला ओळखू येईना. शेवटी तिने सलग आवाजाऐवजी तुटक टुक-टुक सोडले आणि चाचणी पार पडली. आलेखाची रेघ सरळ चालत येऊन चार हजार हर्ट्झपाशी, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांपाशी, खड्ड्यात पडली होती आणि पुढे थोडी वर आली होती. “कारखान्यात काम करता का?” डॉक्टरांनी विचारले. मी म्हटले, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. मग ताशाचे सांगितले.

त्यांनी समजावले ते इतके सोपे होते की मी तेच वर्गात सांगते. आतल्या कानात शंखासारखी गुंडाळी असते, तिच्यात आवाज टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार केसपेशी. मोठ्या आवाजाने त्या वाकतात, काही सावरतात, काही मरतात. मेलेल्या परत उगवत नाहीत. तिकडून बातमी येईनाशी झाली की मेंदू आपण होऊन आवाज वाढवतो. रेडिओला स्टेशन लागेना की आपण बटण पिळतो आणि खरखरच मोठी होते, तसे. म्हणून यावर गोळी नाही. मात्र एकाएकी एका कानाने ऐकू येणे बंद झाले तर वाट पाहू नका, दोन-तीन दिवसांत कानाच्या डॉक्टरांकडे जा, तिथे औषधाचा उपयोग होऊ शकतो, असेही त्यांनी बजावले.

शाळेत काय होते ते सांगते. पाढे म्हणताना मागच्या बाकावरून ‘सात’ आले की ‘साठ’, ते मला कळत नाही. अशी अक्षरे उंच पट्टीच्या आवाजात वेगळी होतात, आणि नेमका तोच आवाज गेला आहे. मी पोरांना बोटे दाखवायला लावते. त्यांना वाटते हा खेळ आहे.

रात्र अवघड. जानेवारीतही पंखा एकवर लागतो. नवरा दोन गोधड्या घेऊन झोपतो, बिचारा. पूर्ण शांतता हा माझा शत्रू आहे; पंखा, पावसाची रेकॉर्ड, शेजारच्यांची पाण्याची मोटर, काहीही चालते. शिटीकडे लक्ष दिले की ती मोठी होते, घाबरले की आणखी मोठी. हे शिकायला मला एका समुपदेशक बाईंकडे जावे लागले. आता दिवसातले काही तास मी तिला विसरते.

आता त्या दहा-बाराच्या भांडणाकडे येते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे दहा ते सहा, आणि सरकारला वर्षातून पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. हे घरात झोपलेल्यांसाठी. ताशापासून दीड फुटावरच्या कानाला घड्याळ कळत नाही. त्याला कळते किती मोठे आणि किती वेळ. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या ‘नायॉश’ या अमेरिकी संस्थेचा हिशेब आहे: आवाज ८५ डेसिबल असेल तर कानाला दिवसाला आठ तास चालतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ला चार तास, ९१ला दोन. १००वर पोचलात की पंधरा मिनिटे. आमच्या सरावात मी मोबाइल धरून पाहिला, तो १०३ दाखवत होता. मोबाइलवर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न आहेच, पण दहा कमी धरले तरी तासा-दीड तासात हिशेब संपतो. आमचा सराव रोज दोन तासांचा, दोन महिने, आणि तोही संध्याकाळी सात ते नऊ. अगदी कायदेशीर वेळेत.

आवाजाने येणारा बहिरेपणा कारखान्यांच्या कायद्यातल्या रोगांच्या यादीत आहे. कारखान्यात तो आढळला तर सरकारला कळवावे लागते. हौसेने वाजवणाऱ्यासाठी अशी कुठली यादी नाही. चौकात रात्रभर बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसाच्या कानाचीही कुणी चौकशी करत नाही.

मी ढोल-ताशाच्या विरोधात नाही. २०२४ मध्ये पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या हरित लवादाने पथकात तीसच वादक ठेवा म्हटले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत मीही होते. म्हणून हे पथकांनाच लिहिते आहे. कानात घालायची फोमची बोंडे चहा-वड्याच्या पैशांत मिळतात. चिमटीत बारीक वळायची, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर-मागे ओढायचा, बोंड आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत, अर्धा मिनिट तरी, बोटाने दाबून धरायचे. नुसते कानाच्या तोंडाशी अडकवले तर उपयोग नाही. कापसाचा बोळा तर निव्वळ समाधान. “मग ताल कसा कळणार?” असे आमच्या प्रमुखांनी विचारले होते. ढोल छातीत ऐकू येतो, आणि टोकदार कर्कशपणा गेल्याने शेजारचा चुकलेला हात उलट लवकर कळतो, असे आमच्या एका ताशावालीने त्यांना वाजवून दाखवले. तरी गेल्या वर्षी चाळीसपैकी चौदा जणांनीच बोंडे घातली. बाकीच्यांना ते भित्रेपणाचे वाटले असावे.

लहान मुलांना खांद्यावर घेऊन ताशाच्या रांगेला चिकटून उभे राहणारे बाबा मला अजून दिसतात. त्यांना मी हाताने मागे व्हा म्हणून खुणावते. ते मला हात हलवून नमस्कार करतात.

पथकाच्या नोंदणीच्या अर्जात आम्ही रक्तगट विचारतो. यंदाचा अर्ज मी टाइप केला आहे आणि रक्तगटाच्या खाली एक ओळ घातली आहे: ‘कानांची तपासणी केल्याची तारीख’. किती जण ती भरतात ते बघायचे.

आपली,
एक माजी ताशावादक, पुणे